छपराखालच्या दोन चिरा

सातवा महिना, पंचमी

लिही. काय बघतेस? ‘लिही’ इथूनच सुरुवात कर, म्हणजे पुढं कुणी वाचलंच तर त्याला कळेल की सांगणारी एक आहे आणि लिहिणारी दुसरी. सांगणारी मी, थेम म्हातारी. लिहिणारी माझी थोरली सून होआ. थोरला मुलगा देवाघरी गेला, त्याची लेक सायगॉनला शिकायला गेली, ही तेवढी कुठं गेली नाही. तोंड माझं, अक्षर तिचं.

वही कशाला, तर मागच्या साली आम्ही बंदरावरच्या जुन्या दीपस्तंभाचं कार्ड केलं. कागद मिटला की दीपस्तंभ झोपतो, उघडला की उठून उभा राहतो. महिनाभरात तोच दीपस्तंभ बाजारातल्या फुंगबाईच्या दुकानात उठायला लागला. कचेरीत गेलो तर तिथला कोवळा साहेब म्हणाला, “आजी, हे आधी तुम्ही केलंत याला लेखी काही आहे?”

मी म्हटलं, “माझे हात आहेत.”

“हातावर तारीख नसते, आजी.”

म्हणून ही तारीख. आज आम्ही आपल्या आन होआ गावच्या दीन्हचं कार्ड करायला घेतलं. गावाचं देऊळ तेच, चावडीही तीच. दुरुस्ती संपत आली आहे आणि आठव्या महिन्याच्या दशमीला दार उघडायचं आहे. आलेल्या प्रत्येकाला उभं राहणारं दीन्ह हातात द्यायचं, असं दीन्हचे प्रमुख किएम आजोबा स्वतः येऊन सांगून गेले.

धाकटा तोआन दा नांगहून फोनवर म्हणाला, “आई, याही वेळी नक्कल झाली तर पुरे. दुकानाला कुलूप लाव आणि इकडं ये. वहिनी जातील लेकीकडं.” त्याचं घर लिफ्टनं आभाळात जाऊन गाठायचं. तिथं मी टोमणे कुणाला मारू, कबुतरांना? तर असं आहे. दीन्हचं कार्ड फुटलं की आमची चूल फुटली. हे ठळक लिही.

सातवा महिना, अष्टमी

दीन्हवरचा सुतार आला होता. मापं हवीत म्हणून होआनंच बोलावलेला. पन्नाशीकडं झुकलेला, बायको वारलेली, नदीपलीकडच्या गावचा. नाव विचारलं तर म्हणे दिन्ह. म्हणजे खिळा! आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून बापानं असलं नाव ठेवलं. खिळ्याला भुतं कशाला उचलतील? आणि हा खिळा राबतो कुठं, तर जिथं औषधालासुद्धा खिळा नाही, लाकडात लाकूड अडकवून सगळा डोलारा उभा आहे, त्या दीन्हमध्ये.

मी म्हटलं, “दीन्हमध्ये दिन्ह! जीभ जरा घसरली की देवळाचा खिळा होतो रे बाबा.”

तो हसला. होआही हसली, जरुरीपेक्षा जास्त. विनोद माझा होता, पण बघत होती त्याच्याकडं.

मापं सांगून झाली तरी हलेना. बसल्या बसल्या विचारतो, “आजी, कार्ड मिटलं की छप्पर जातं कुठं?”

घ्या! आमच्या दुकानाचं काळीज तेवढंच आहे, छप्पर जातं कुठं. कोपरे वर वळलेलं छप्पर न दुमडता निजवायचं हे या गावात आम्हा दोघींशिवाय कुणाला येत नाही. मी म्हटलं, “तुझं छप्पर पावसात जातं कुठं ते आधी बघ.”

जाताना पपनस ठेवून गेला. गोड होतं. गोड माणसांपासून जपावं.

सातवा महिना, दशमी

त्या खिळ्याला आज फुंगबाईच्या दुकानातून बाहेर पडताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. होआ म्हणते, तिची फळी निखळली होती, ती ठोकायला गेला होता. फळी ठोकताना कान काय घरी ठेवून जातात?

सातवा महिना, पौर्णिमा

भटक्या भुतांचा दिवस. दाराबाहेर पेज ठेवली, मीठ-तांदूळ उधळले. आज कुणी नवं काही करत नाही, नवं घालत नाही. आणि आमच्या सूनबाईंनी कोरा जांभळा सदरा घातला.

“भुतांना दाखवतेस का गं?”

“जुना वाळला नाही, आई.”

दुपारी सुतार आला, सुपारीचा आख्खा घड घेऊन. दात पडलेल्या बाईला सुपारी! मग स्वतःच माझ्या खलात कुटून दिली, पानाला चुना लावला, तोही बेताचा. लाच द्यावी तर अशी. इतकं मन लावून माझं पान कुणी लावलं नव्हतं, म्हणून तर माझा संशय पक्का झाला.

होआ म्हणते, “फुंगबाईंचा माणूस असता तर तुम्हाला कशाला सुपारी देईल?” हिला जगात वाईट माणूस दिसतच नाही. असल्या बाईला एकटीला सोडून कुणी दा नांगला जावं?

सातवा महिना, कृष्ण तृतीया

साचा जमला. इथं नीट लिही, कचेरीसाठी. पात्यानं कापायचं काम होआचं: खांब, जोती, कौलांच्या ओळी, दारावरची नावाची पाटी. पाटीवरची अक्षरं आरपार कापलेली, मागचा उजेड दिसावा म्हणून. मग कागद माझ्याकडं येतो. बांबूच्या सुईनं कापलेले तुकडे ढकलून काढायचे, डोंगरघडी घालायची, दरीघडी घालायची, हाडाच्या पट्टीनं घोटायचं, मिटायचं, पाट्याखाली दाबायचं. माझ्या हातून मिटलेलं कार्ड थेट पाकिटात जातं.

घोटताना एक गोष्ट मी रोज सुधारते आहे. काय, ते लिहिणार नाही. लिहिणारीचं तोंड उतरेल.

“काय सुधारताय, आई?”

“तू लिही.”

बाई थकली आहे. मन थाऱ्यावर नाही. दुकानाचा घोर लागला असणार. मला बोलून दाखवत नाही, मीही तिला दाखवत नाही. सासू-सून अशाच नांदतात.

सातवा महिना, कृष्ण सप्तमी

सापळा लावला. एक खोटा साचा केला, छपराचे कोपरे खाली पाडलेला, आणि सुताराला म्हटलं, “घे, घरी जाऊन बघ, मिटतं कसं ते.” आता हे पडक्या कोपऱ्यांचं दीन्ह फुंगबाईकडं उठतं का ते बघायचं. होआला हे आत्ता लिहिताना कळतंय. ओठ आवळलेत तिनं.

सातवा महिना, कृष्ण दशमी

फुंगबाईच्या दुकानासमोरून रोज चक्कर मारते. काही नाही. आज ती आतून ओरडली, “आजी, काही घ्यायचंय का?” मी म्हटलं, “उन्हाला आलेय.” आभाळ भरून आलं होतं.

सातवा महिना, अमावास्या

आज दुपारी बाजारातून परतले तर दुकान बंद. भरदिवसा! पात्याला कागदाचा भुगा तसाच, खळ उघडी, वाळत पडलेली. मी दीन्हकडं गेले. परांचीवर चढलेली दोघं, छपराच्या अगदी पोटाशी. तो तिला कुठला तरी सांधा दाखवत होता आणि तिच्या हातात कागद होता. आमचा कागद.

घरी आले. ती आली. मी म्हटलं, वही घे.

लिही: माझी सून मला फसवते आहे.

लिही. थांबलीस का?

“लिहिलं, आई.”

“खोटं. तुझा हात हलला नाही. मला अक्षर कळत नाही, हात कळतो.”

तेव्हा तिनं लिहिलं. लिहिताना टोक कागदात रुतलं, मला आवाज आला.

“छपराचा एक सांधा मला समजत नव्हता,” ती म्हणाली. “तो बघायला गेले होते.”

“सांधा समजायला दोघांना चढावं लागतं?”

हेही लिही, की उत्तर दिलं नाही.

आठवा महिना, द्वितीया

काम चालू. बोलणं बंद. जेवताना काटे काढलेला मासा ती माझ्या वाडग्यात घालते, तसा आजही घातला. मी खाल्ला. रागावलेल्या माणसानं उपाशी राहावं असं कुठं आहे?

माझं ते सुधारणं चालूच आहे. काय व्हायचं ते तिच्यामाझ्यात; लोकांपुढं तिचं काम डागी दिसायला नको.

आठवा महिना, सप्तमी

तोआनचा फोन. “खोली रिकामी करून ठेवलीये, आई.” मी म्हटलं, “भाडेकरू बघ.” तो म्हणाला, “वहिनी किती दिवस तुझ्यासाठी अडकून पडतील?” म्हटलं, “तिला विचारलंस?” त्यानं फोन ठेवला. मी तरी कुठं विचारलंय?

हे वाक्य खोड. नको, राहू दे.

आठवा महिना, दशमी

बस इथं. डोळे पूस आणि लिही, थेंब पडला तरी चालेल.

सगळं गाव दीन्हच्या अंगणात. म्हाताऱ्यांच्या अंगात काळे झगे, डोक्याला फेटे. ढोल, धूप, वाफाळता चिकट भात. कार्डं वाटली गेली. फुंगबाईही आलेली, तिच्या हातात आमचं कार्ड बघून मला बरं वाटलं, चोरायला उशीर झाला होता. किएम आजोबांनी सगळ्यांसमोर कार्ड उघडलं. दीन्ह उठलं. कोपरे असे वर गेले की लोकांच्या तोंडून ‘अहा’ निघालं. आजोबांनी चष्मा सारखा केला, पाटी वाचायला घेतली आणि थांबले.

मग मोठ्यानं वाचलं. “दिन्ह. आन. होआ.” सगळं सपाट.

मागून कुणीतरी ओरडलं, “अहो, ही तर लग्नपत्रिका! आपला दिन्ह आणि आपली होआ!”

हशा उसळला. पण पुढच्या रांगेतले म्हातारे हसले नाहीत, तसा तो विझला. मला काहीच कळेना. शेजारची बाई कानात सांगायला लागली तेव्हा उलगडलं. दीन्हच्या अक्षरांवर एक तिरपी रेघ असते, ती गेली की देवळाचा खिळा होतो. गावाच्या नावातल्या होआवरही तशीच रेघ. ती असली तर सलोखा, नसली तर फूल. आमच्या होआच्या नावातलं फूल, सपाट.

आणि त्या दोन रेघा कुठं गेल्या? मी बुजवल्या. पाटीवर, छपराच्या अगदी खाली, प्रत्येक कागदावर दोन तिरप्या चिरा दिसायच्या. मला वाटायचं, पातं घसरलं. रोज त्याच जागी घसरतंय म्हणजे हिचं मन कशात तरी अडकलंय. मागून खळीनं बारीक पट्ट्या चिकटवायची, वरून हाडानं घोटायची, बोटालासुद्धा लागू नये अशी. सुनेची चूक झाकतेय म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायची.

किएम आजोबांनी कार्ड मिटलं. “होआ, देवाच्या दारावर स्वतःचं नाव? विधवा बाईनं? परक्या पुरुषाच्या नावाशेजारी?”

होआच्या हातात कार्ड होतं. तिनं पाटीवर बोट फिरवलं, मागची पट्टी तिला लागली. तिनं माझ्याकडं बघितलं, एकदाच. मग मान खाली घातली आणि म्हणाली, “कापलं मी, आजोबा. चूक माझी.”

सासूचं नाव घेतलं असतं तर सुटली असती. घेतलं नाही. तिकडं खांबाशी तो सुतार टोपी पिळत उभा होता, कान तांब्यासारखे लाल. पुढं यायला निघाला आणि होआनं डोळ्यांनीच त्याला थांबवलं. त्या डोळ्यांत, लिही, मला पपनस कळलं, सुपारी कळली, जांभळा सदरा कळला. सगळं गाव ज्याच्याकडं कधीपासून बघत होतं ते मला शेवटी दिसलं. लोक पाळतीवर चोर पकडतात, मी पाळतीवर राहून हे बघितलं नाही.

मी उठले. “किएमभाऊ, तिला काय विचारता? ते मी केलंय.”

“तुला तर अक्षर येत नाही, थेम!”

“म्हणून तर पुसलं, लिहिलं नाही. या दोघांचं मी ठरवलंय. गावाला आमंत्रण द्यायचं होतं, दुसरा कागद कुठून आणू?”

आजोबा म्हणाले, “सासू सुनेला देते?”

“तिचे आईबाप नाहीत. माझा थोरला यायचा नाही. मग कुणी द्यायची, फुंगबाईनं?”

तेव्हा पुढच्या रांगेतून एक म्हातारा फसकन हसला, आणि सगळं गाव हसत सुटलं. किएम आजोबा शेवटपर्यंत हसले नाहीत. म्हणाले, “लग्न रीतीनं लाव. पण माझ्या दीन्हला खिळा म्हणायचं नाही. सगळी कार्डं परत घे, आणि त्या रेघा उघड.”

देवाच्या दारात मी धडधडीत खोटं बोलले. देव काय ते बघेल.

आता जे घरी घडलं तेही लिही. नाही म्हणू नकोस. दार लागलं तशी ही माझ्यावर उखडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“मला विचारलंत, आई? एकदा तरी?”

“त्यानं तर विचारलं असेल ना?”

“नाही! त्यानंही अजून विचारलेलं नाही!”

आणि दोघी उंबऱ्यावर बसलो.

आठवा महिना, चतुर्दशी

परत आलेली कार्डं भिजल्या फडक्यानं ओली करून मी पट्ट्या सोडवते आहे आणि सुईनं एकेक रेघ उघडते आहे. आता मला वाचायला येतात त्या एवढ्याच दोन रेघा.

सुतार आला नाही. नदीपलीकडून एक होडी येते, त्यात दुसरीच माणसं असतात. चारचौघांत बांधून टाकलेला माणूस पळालाच तर त्याला दोष कसा द्यायचा?

कार्ड कुणी चोरलं नाही. फुंगबाईनं काही केलं नाही. चोर येईल म्हणून कडी लावून बसले होते, आणि घरातलं होतं नव्हतं ते मीच उचलून अंगणात देऊन आले. आला तर होआ नदीपलीकडं जाणार. नाही आला तर हसं टाळायला लेकीकडं जाणार. दोन्हीकडून मी दा नांगला.

होआला विचारलं. खरंच विचारलं, या वेळी. “तुला काय हवंय गं?”

तिनं पातं पुसून ठेवलं. म्हणाली, “मला तो हवा आहे. आणि मला इथून जायचं नाही. दोन्ही. आता तुम्हीच सांगा, आई, हे कुठं बसतं?”

मी म्हटलं, “लग्न होऊन पुरुष बाईच्या घरी? ते पण सासरच्या घरी? फडताळाखाली शिरलेला कुत्रा म्हणतील त्याला.”

“म्हणून तर मी त्याला काही सांगितलेलं नाही,” ती म्हणाली.

आठवा महिना, कृष्ण षष्ठी

आज लिहिणारा हात वेगळा आहे. अक्षर कसं आहे देव जाणे. टाक रंध्यासारखा धरतो.

सकाळी आला. गेले दिवस गावी होता, थोरल्या भावाची परवानगी काढायला. भाऊ म्हणाला, “बायकोच्या पहिल्या सासूकडं राहणार? आपल्या घराण्यात कुणी केलंय असं?” हा म्हणाला, “आपल्या घराण्यात कुणाचं नाव खिळा होतं?” भाऊ बोलत नाही आता त्याच्याशी. हे तो सांगत नव्हता, मी खोदून काढलं. लिही, लाजतोस काय?

म्हणजे होआनं न सांगताच त्याला कळलं होतं. की परांचीवर सांगितलं होतं? दोघंही सांगायची नाहीत. राहू दे.

मी म्हटलं, “लोक फडताळाखालचा कुत्रा म्हणतील.”

“म्हणतील, आजी.”

“मग?”

“फडताळ मीच करणार ना. खालची जागा जरा उंच ठेवीन.”

होआ चुलीशी होती, तिचा हसण्याचा आवाज आला. मीही हसले असते, पण इतक्यात हसायचं नाही असं ठरवलं होतं.

सुपारी त्यानं पुन्हा आणली आहे, रीतीनं, लाल कापडात. तोआनला फोन केला. तो म्हणाला, “आई, लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, “खोलीला भाडेकरू बघ.”

आता एक अडचण उरली. कचेरीत बिऱ्हाडाची नोंद बदलायची, तिथला कोवळा साहेब विचारणार, हा तुमचा कोण? मुलगा म्हणावं तर मी जन्माला घातला नाही. जावई म्हणावं तर लेक माझी नाही. सुनेचा नवरा म्हणावं तर तो माझा थोरला, आणि तो भिंतीवर तसबिरीत आहे, धुपाच्या मागं. इतकी म्हातारी झाले, पण असल्या माणसाला काय म्हणतात ते कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

“काय लिहू?” हा विचारतो. हात थांबलाय. होआची पळीही थांबली आहे.

तुला वाटेल ते लिही, दिन्ह. मला वाचता येत नाही, तेव्हा तू लिहिशील त्यावर विसंबावंच लागेल. मी तिकडं बघत नाही.

घाई नाही.